त्रेसष्ट नंबरचं स्टेशन

मी निवडलेल्या कार्डापायी एक म्हातारा गारठून मरणार होता, थोडक्यात वाचला. ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांना अर्धीच सांगितली, बायकोलासुद्धा. उरलेली अर्धी आता लिहून टाकतो. इतक्या वर्षांनी अब्रू सांभाळायचाही कंटाळा येतो.

साल २००३. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत आम्ही नवराबायको राहायचो. खाली मिठाईचं दुकान, त्यामुळे घरभर कायम तुपाचा वास. बरोबर आलेली सॉफ्टवेअरवाली मित्रमंडळी एकेक करून घरी बसत होती. कुणी गाडी विकून पुण्याचं तिकीट काढलं, कुणी फ्रीमाँटला भावाच्या घरी जाऊन पडलं. माझी नोकरी टिकली, कारण माझं काम कुणालाच नको होतं: कारखान्यांतली जुनाट नेटवर्क्स नव्या कॉम्प्युटरला जोडून द्यायची. पार्टीत कुणी विचारलं, काय करतोस, तर सांगायलासुद्धा जिवावर यायचं.

आमचे साहेब नागपूरचे. पंचवीस वर्षं अमेरिकेत काढली तरी बोलण्याचा हेल तसाच. जुलैत त्यांनी मला बोलावून घेतलं.

"कोल्ड स्टोरेज आहे, दोन तासांच्या ड्राइव्हवर. कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर कधी बसेल सांगता येत नाही. नवा लावायचा. कार्ड तू निवड."

"होईल सर."

"होईल काय? नीट पाहून घेजो. आत माणसं काम करतात बापा, उणे वीसमध्ये. प्रत्येक खोलीत दाराशी एक बटण आहे, कोणी अडकलं तर दाबायला. ते दाबलेलं बाहेर समजलं नाही तर काय होईल, हे मी सांगायला पाहिजे काय?"

नको होतं. मी मान डोलावली आणि कॅटलॉगं घेऊन बाहेर आलो.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. एकच वायर अख्ख्या इमारतीतून फिरते. तिच्यावर जागोजागी डबे बसवलेले असतात, त्यांना स्टेशन म्हणायचं, आणि प्रत्येकाला एक नंबर. खोलीचं तापमान, दार उघडं की बंद, पंखा, ते बटण, सगळे ह्या एकाच वायरीवरून बोलतात. कॉम्प्युटरच्या पोटात एक कार्ड असतं, ते ह्या सगळ्यांचं ऐकतं. कार्डाला त्यांची भाषा कळली पाहिजे, वेग जुळला पाहिजे, कॉम्प्युटरच्या खाचेत ते बसलं पाहिजे आणि वर विंडोजने त्याला ओळखलं पाहिजे. पत्रिकेसारखंच, एक गोष्ट अडली की बाकीच्या जुळून काही फायदा नाही.

जुनं कार्ड बनणंच बंद झालं होतं, आणि नव्या कॉम्प्युटरला त्या मापाची खाच नव्हती. राहिले दोन पर्याय. एक, बाहेरून लावायचा कन्व्हर्टरचा डबा. दिसायला भिकार, चालायला संथ, पण जे कानावर पडेल ते कचऱ्यासकट पुढे पाठवणारा. दुसरा, एक नवंकोरं कार्ड. त्याला आधी यादी द्यायची, की हे एवढे नंबर माझे. यादीबाहेरच्या कुणाचं ते ऐकायचंच नाही. फक्त स्क्रीनच्या कोपऱ्यात मोजून ठेवायचं, 'अनोळखी: इतके'. मला ते कार्ड बघताक्षणी आवडलं. काय शिस्त, काय टापटीप! मी मनातल्या मनात तेव्हाच ठरवून टाकलं होतं, बाकीची तुलना नुसती कागदावर दाखवायला.

ऑगस्टमध्ये तिथे गेलो. दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच मका, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्या मक्याच्या मधोमध एक लांबलचक पांढरी इमारत, एकही खिडकी नसलेली. बाहेर अंगाची लाही होत होती. आत पाऊल टाकलं आणि चष्मा पांढरा झाला. मी तसाच आंधळ्यासारखा उभा राहिलो. समोरून कुणीतरी माझा हात धरून मला पुढे नेलं. तो म्हातारा. तिथला मेन्टेनन्सवाला, सत्तरीला टेकलेला, डोक्यावर विटकी टोपी. त्याचा हात इतका गार होता की मी दचकून सोडवून घेतला.

त्याने मला सगळं फिरवून दाखवलं. लांब कॉरिडॉर, दारांवर जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पडदे. ते पडदे कुणी जवळ नसतानाही हलायचे. आतल्या पंख्यांचा वारा, दुसरं काय, पण पाठीमागे पट्टीवर पट्टी आपटली की मी दर वेळी वळून बघायचो. कंपनीने दिलेल्या नकाशात सहा खोल्या आणि चोवीस स्टेशनं. कॉरिडॉरच्या टोकाला सातवं दार होतं, नकाशात त्यावर फुली आणि शेजारी लिहिलेलं, 'बंद'. त्या बंद खोलीच्या कडीवर बोटभर बर्फ साचला होता.

"बंद खोलीला बर्फ कशाला?" मी विचारलं.

"सहाची पाइप हिच्यातूनच जाते," म्हातारा म्हणाला. "ही खोली फक्त कागदावर बंद करता येते, पोरा."

एवढं बोलून तो पुढे निघाला. मीही आणखी काही विचारलं नाही.

नवं कार्ड बसवण्याआधी तीन दिवस मी लॅपटॉप वायरीला लावून नुसता ऐकत बसलो. ही आमच्या कामाची पद्धत. कोण कोण बोलतंय, नकाशाप्रमाणे हजेरी लागते का, ते बघायचं. एक ते चोवीस नंबर अगदी शहाण्या मुलांसारखे बोलत होते. पहिल्या दिवशी तीन वाजून सहा मिनिटांनी मध्येच एक ओळ आली. स्टेशन त्रेसष्ट. 'एक', आणि लगेच 'शून्य'. मग पुन्हा गप्प.

नकाशात त्रेसष्ट नव्हतंच. चोवीसवर नकाशा संपत होता.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून पाच मिनिटांनी तेच. एक, शून्य, आणि मग चोवीस तास चिडीचूप. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लॅपटॉप कंट्रोल रूममध्ये आणून बसलो. शिफ्ट बदलायची वेळ, चार-पाच माणसं आपापसात हसतखिदळत होती. तीन-सहाला त्रेसष्टची ओळ आली आणि त्याच क्षणी जुन्या कॉम्प्युटरने एकदा 'टूं' केलं. सगळे एकदम गप्प झाले. मिनिटाभरात म्हातारा दारातून आत आला, त्याने टोपी काढली, क्षणभर हातात धरली, परत घातली. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात सगळे पुन्हा बोलायला लागले.

तिथे फोर्कलिफ्ट चालवणारी एक बाई होती, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. तिला बाहेर गाठून मी विचारलं, "हे त्रेसष्ट काय प्रकार आहे?"

"तो आहे तो," ती म्हणाली. "सातमध्ये गेला तो. रोज तीनला ड्यूटीवर येतो. तुला काय करायचंय?"

आता माझं घर कसलं, ते सांगायला हवं. वडील सायन्सचे मास्तर. सुट्टीत गावोगाव जाऊन कापूर जिभेवर जाळून दाखवायचे, नारळातून काळा दोरा निघतो कसा ते उलगडून सांगायचे. मी त्यांची पेटी उचलायचो. आमच्या घरात भूत हा शब्द काढला की वडील म्हणायचे, पुरावा आण. असल्या घरातला मी, मास्टर्स करून अमेरिकेत आलेला, आणि ही बाई मला भुताची ड्यूटी सांगत होती! मला हसू आलं आणि थोडा रागही आला. ह्यांना साध्या नॉइजचं, वायरीतल्या खरखरीचं, भूत करायचंय तर करू देत, असं म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

नॉइजचं माझं स्पष्टीकरण तयार होतं, आणि ते चांगलं होतं, म्हणून तर घात झाला. नवं स्टेशन खोक्यातून काढलं की त्याचा नंबर मुळात त्रेसष्टच असतो, नंतर आपण तो बदलायचा. तेव्हा असलंच एखादं उरलंसुरलं डबडं कुठेतरी छतात वायरीला लटकलेलं असणार. शिफ्ट बदलताना मोठा कॉम्प्रेसर सुरू होतो, त्याच्या धक्क्याने ते शिंकतं. झालं. माझ्या टापटिपीच्या कार्डाला यादीत त्रेसष्ट दिलं नाही की कटकट मिटली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "चोवीसच्या वर काही दिसलं काय?"

"एक जुनं डबडं आहे सर, त्रेसष्टवर. नॉइज आहे."

"तिथल्या लोकांना विचारलं?"

"विचारलं."

"मग काय म्हणाले?"

काय सांगणार? भूत आहे म्हणाले? साहेब खो खो हसले असते आणि सोमवारी अख्ख्या ऑफिसात झालं असतं. मी म्हणालो, "त्यांनाही नक्की माहीत नाही. क्लिअर आहे सर सगळं." हे एक वाक्य मला पुढे फार जड गेलं.

बदलीचा दिवस उजाडला. दुपारी दोनला मी जुना कॉम्प्युटर बंद केला, नवा सुरू केला. एक ते चोवीस, सगळे हिरवे. सहाही खोल्यांची बटणं एकेक करून दाबून पाहिली, स्क्रीनवर लाल, भोंगा, सगळं झकास. म्हातारा माझ्या मागे उभा राहून बघत होता.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच. नकाशात आहे ते सगळं आलं."

"बरं. तीन वाजता बघू," असं म्हणून तो गेला. मी त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही.

पावणेतीनला मी त्या फोर्कलिफ्टवाल्या बाईला गाठलं. जुन्या कॉम्प्युटरचं लोखंडी कपाट वाटेत होतं, ते मला माल चढवायच्या पलीकडच्या डॉकवर हवं होतं. "आत्ताच?" ती म्हणाली. "तीनला मला एक काम असतं." मी जरा साहेबी आवाजात म्हणालो, आत्ताच. ती पुटपुटत कपाट उचलून गेली. दिवसाची माणसं घरी निघाली होती, दुसऱ्या शिफ्टची ट्रकवर होती. कंट्रोल रूममध्ये मी एकटाच उरलो.

तीन वाजून सहा मिनिटांनी कोपऱ्यातला आकडा हलला. अनोळखी: एक. नवा कॉम्प्युटर अर्थातच गप्प. मी खुशीत हसलो. ये बाबा, म्हटलं, ये, तुझी दखल घ्यायला आता कुणी नाही.

मग दोन झाले. मग तीन. रोज एकदाच येणारं ते आज थांबेना. मी कॉफी खाली ठेवली. चार, पाच, सहा. मला वाटलं नव्या कार्डाचा काही दोष, टोकाची जोडणी सैल असेल. उठून पॅनेलमध्ये स्क्रू आवळून आलो. आकडा एकोणीस. म्हटलं, नव्याने मोजू, आणि बटण दाबून काउंटर शून्य केला.

पुन्हा एक, दोन, तीन. मग जरा उसंत. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा उसंत.

नॉइजला ताल नसतो. हे मला कळत होतं. ज्याने आयुष्य वायरींत घालवलं त्याला ते कळतंच. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. तीन वेळा, थांबून, परत तीन वेळा, दार ठोठावल्यासारखं. त्या बिनखिडकीच्या खोलीत मी एकटा, मागे कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतायत, आणि माझ्या डोक्यात फक्त त्या बाईचं बोलणं: रोज तीनला ड्यूटीवर येतो. खरं सांगतो, मी घाबरलो. भुताला घाबरलो! कापूर जाळून दाखवणाऱ्या मास्तरांचा मुलगा, दिवसाढवळ्या, इलिनॉयमध्ये! आणि आपण घाबरलो ह्याची इतकी लाज वाटली की मी पुन्हा काउंटर शून्य केला. मग परत. मग परत. तो आकडा दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

तीन-सव्वीसच्या सुमाराला आकडा हलायचा थांबला. मी तीन मिनिटं त्याच्यावरची नजर हलवली नाही. थांबला तो थांबलाच. "सुटलो बुवा," मी मोठ्याने म्हणालो आणि गार झालेली कॉफी पिऊन टाकली.

साडेतीनला ती बाई परत आली. आत डोकावून म्हणाली, "म्हातारा कुठाय?"

"दिसला नाही."

"तीनला वाजलं का?"

"काय वाजलं का?"

"त्रेसष्ट!"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ते यादीत नाही. नॉइज आहे. आज फारच..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती वळून पळत सुटली. मी तिच्या मागे. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत पळालो. सातव्या दाराखाली लाकडाची पाचर पडलेली होती, दार घट्ट मिटलेलं. ती कडीला लटकली, मी तिला लटकलो, आणि दार कसंबसं उघडलं.

आतून पांढरी वाफ आली, आणि वाफेत तो. फक्त शर्टावर, भिंतीला टेकून बसलेला, टोपी मांडीत. भुवया पांढऱ्या. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक बटण होतं आणि त्याचा खांदा त्याच्यावर टेकून राहिला होता. त्याचे डोळे उघडे होते, पण ते आम्हाला बघत नव्हते. मला वाटलं, संपलं. ती बाई त्याच्या तोंडाशी गाल नेऊन ओरडली, "आहे! आहे अजून!" आम्ही त्याला ओढत बाहेर ऑगस्टच्या उन्हात आणून निजवलं.

अँब्युलन्स गेल्यावर पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं. पूर्वी त्या खोलीत बर्फ फोडायला गेलेला त्यांचा एक माणूस, दार आतून उघडेना म्हणून, आत अडकून गारठून गेला. त्यानंतर कंपनीने खोली कागदोपत्री बंद केली. मग बंद खोलीला बटण कशाला, म्हणून बटण दिलं नाही. पण पाइपवरचा बर्फ फोडायला जावं लागतच होतं. तेव्हा ह्या लोकांनी स्टोअरमधलं एक जादा स्टेशन चोरून वायरीला लावलं. नंबर बदलायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. बटण खाली लावलं, कारण तो माणूस जमिनीवर सापडला होता. आणि तेव्हापासून रोज तीनला एकाने दार धरायचं, दुसऱ्याने आत जाऊन एकदा दाबायचं. गेलेल्याला रामराम आणि बटण चालू असल्याची खात्री, दोन्ही त्यातच. दार धरायचं काम तिचं होतं.

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी ओरडलो. रडू येत होतं.

"तू कंपनीने आणलेला माणूस. नकाशात लिहिलं असतंस तर त्यांनी ते काढायला लावलं असतं. तो म्हणाला, नव्यावर वाजलं तर बोलायची गरजच नाही. नाही वाजलं तर पोराला सांगू."

त्याच संध्याकाळी साहेब स्वतः गाडी हाकत आले. एक शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघांनी मिळून त्रेसष्ट यादीत घातलं, भोंगा जोडला, सातवी खोली नकाशात काढली. कंपनीने निमूटपणे सही केली. मग मी लॅपटॉपची नोंद उघडली. कार्डाचा काउंटर मी पुसला होता, पण लॅपटॉप अजून वायरीलाच लावलेला होता, त्याने सगळं लिहून ठेवलं होतं. त्र्याऐंशी वेळा. शेवटचं 'एक' तीन-सव्वीसला आलं होतं, आणि त्याचं 'शून्य' आलं तेव्हा आम्ही त्याला उचलत होतो. मी ती फाइल साहेबांना दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात गेलो. त्याला सगळं सांगून पाय धरायचे, असं गाडीत ठरवलं होतं. तो उशीला टेकून बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. उजव्या हाताची दोन बोटं बहुधा जाणार होती. शेजारी ती बाई खुर्चीत. मला बघून तो इतका प्रसन्न हसला की मी दारातच थांबलो.

"ऐकू येत होतं ना तुला?" त्याने विचारलं.

मी दोन पावलं आत गेलो.

"मी हिला तेच सांगत होतो," तो म्हणाला. "तो मागचा बिचारा गेला, त्याचं ऐकायला कुणीच नव्हतं. मला भीती नाही वाटली. म्हटलं, पोरगा समोर बसलाय. तीन दिवस त्या त्रेसष्टची वाट बघत बसलेला पोरगा, तो ऐकणारच. म्हणून तर दाबत राहिलो."

ती बाई मान खाली घालून पांघरुणाची घडी नीट करत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," मी म्हणालो. "येत होतं."